पोरीच्या प्रश्नाचं उत्तर लगेच सांगायचं की थांबायचं? (फिजिक्सवाल्या बाबाचा प्रश्न)

त्रिमूर्तीनगरचे_सर
४ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी इथे नागपुरातच अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, बरीच वर्षं झाली, आणि विषय अजूनही तितकाच आवडतो जितका आठवीत आवडला होता. तेव्हा आमच्या सरांनी वर्गाच्या एक सोडून सगळ्या खिडक्या बंद केल्या, त्या उघड्या खिडकीसमोर भिंग धरलं आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचं कडुनिंबाचं झाड उलटं उभं केलं, रंगासकट, पानं हलताना पण दिसत होती. वायर नाही, मशीन नाही, हातभर अंतरावर एक काचेचा तुकडा. तेव्हापासून मी या विषयाचाच झालो.

आता प्रश्न घरचा आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. मागच्या आठवड्यात पाऊस लागला तसा आम्ही कूलर चालू ठेवायचा की बंद करायचा यावर घरात बोलणं चालू होतं, तर ती मधेच म्हणाली, बाबा, मे महिन्यात बाहेर इतकं ऊन होतं तरी कूलर गार वारा फेकत होता, आता तर बाहेरच गार आहे, मग आता त्यानं अजून गार वारा फेकला पाहिजे ना, काऊन नाही फेकत?

मी दरवर्षी लेटंट हीट (पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता) शिकवतो, त्यावरची गणितं फळ्यावर सोडवतो, शेकडो पोरं माझ्या हाताखालून गेली असतील पण हा प्रश्न या पद्धतीनं मला कोणी विचारला नाही. "बाहेरच गार आहे तर अजून गार पाहिजे ना" हे तर्क म्हणून एकदम बरोबर आहे, आणि तिथेच खरी गंमत लपलीय. मला इतका आनंद झाला की त्या रात्री झोपच लवकर लागली नाही.

मी तिला उत्तर अजून सांगितलं नाहीये. म्हटलं आपण दोघं शोधू. पण आता ती रोज विचारून राहिली, "बाबा, शोधलं का?" बायको म्हणते सांगून टाका ना एकदाचं, लेकरू वाट पाहतंय. आई म्हणते एवढ्याशा पोरीला काय समजणार. मला वाटतं उत्तर तिचं तिला सापडलं पाहिजे, पण फार ताणलं तर तिचा उत्साह जाईल ही पण भीती आहे. दुसरी गोष्ट, दिवसभर मी सरच असतो, घरी मला सर व्हायचं नाही, बाबाच राहायचंय. पण फिजिक्स बाजूला ठेवून बाबा होणं मला जमण्यासारखं नाही, ते माझ्या बोलण्यात, बघण्यात सगळीकडे आहे.

तुम्ही लोक काय करता? ज्यांची लेकरं या वयाची आहेत किंवा होती त्यांनी जरा सांगा.


वर्धारोडची_आई
४ जुलै, रात्री ११:२५

सर, माझं मत सरळ आहे, सांगून टाका. सात वर्षांच्या लेकराला आई-बाबांनी आपल्या प्रश्नाला उत्तर दिलं याचाच किती आनंद असतो, आणि उत्तर मिळालं की प्रश्न संपतात असं बिलकुल नाही, उलट पुढचे सुरू होतात. तुम्ही उत्तर धरून बसलात की तिला ते पेपरसारखं वाटायला लागेल, म्हणजे बाबांना माहिती आहे पण मला सांगत नाहीत.

माझ्या मुलाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये विजा कडाडत होत्या, तो घाबरून मांडीवर येऊन बसला, आणि वीज आधी दिसते मग आवाज उशिरा का येतो असं विचारलं. मी सरळ सांगितलं की प्रकाश इतका वेगात येतो की तो निघाला आणि पोचला यात आपल्याला फरकच कळत नाही, आवाज मात्र एका सेकंदात जेमतेम ३४० मीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. बस, एवढंच. त्यानंतर तो मांडीवरून उतरला आणि गॅलरीच्या दारात जाऊन मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार... बारा. "आई, ही चार किलोमीटरवर आहे." मग पुढची नऊवर आली तर म्हणे ही जवळ येऊन राहिली. भीती कुठे गेली त्याला पण समजलं नाही.

नंतर दिवाळीत रॉकेट फुटताना मोजलं. आणि गेल्या वर्षी जामठ्याला मॅच पाहायला गेलो, आम्हाला वरच्या स्टँडमधली तिकिटं मिळाली होती, तर हा मला हलवून सांगतो, आई बघ, बॅट लागून बॉल निघालेला दिसतो आणि टक्क आवाज नंतर येतो! खेळपट्टीपासून शंभरेक मीटर असू आम्ही, म्हणजे पाव-अर्धा सेकंदाचाच फरक, पण त्यानं पकडला. मी आयुष्यभर मॅच पाहत आले, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तर उत्तर दिल्यानं त्याची मजा गेली नाही, त्याच्या हातात काहीतरी आलं. ते घेऊन तो अजून फिरतोय. तुम्ही पण द्या हो.


कूलरवाले_भाऊ
५ जुलै, सकाळी ८:१०

सर राम राम. मी काही फिजिक्सचा माणूस नाही, दहावीनंतर आयटीआय केलं, उन्हाळाभर कूलरचंच काम असते आणि बाकीचं वर्ष मोटर वाइंडिंग. पण तुमच्या पोरीचा सवाल वाचून मले लय बरं वाटलं, काऊन का हाच सवाल मले जून महिन्यात अर्धं नागपूर विचारते. फोन येते, भाऊ कूलर खराब झाला, गार नाही करून राहिला. मी जातो, पाह्यतो, टुल्लू पंप ठीक, मोटर ठीक, ताट्या नव्या, पाणी बराबर तिन्ही बाजूनं सुटून राहिलं. मग मी सांगतो का बापा, मशीन चांगली हाये, हवाच ओली झाली, आता पंप बंद करा आन नुसता पंखा चालवा.

आन एक गोष्ट उन्हाळ्यातली बी सांगतो. लोक कूलर लावते आन सगळी खोली बंद करून घेते, एसीसारखी. मग घंटाभरात चिपचिप होते आन मले फोन. कूलरले समोरून खिडकी उघडी लागते, आत गेलेली हवा बाहेर निघाली पाह्यजे. हे मी लोकायले सांगून सांगून थकलो. तुमच्या पोरीले हे बी दाखवून पाहा.

मले वाटते तुमी तिले उत्तर बी सांगू नका आन उपाशी बी ठेवू नका. तिले घरातल्या दोन गोष्टी अजून दाखवा. एक, माठ. मे महिन्यात माठातलं पाणी कसं दाताले लागते, आन आता? आता माठाले हात लावून पाहू द्या, बाहेरून ओला राह्यते पण पाणी तसंच. दुसरी, दोरीवरचे कपडे. मे महिन्यात जीन्स घंट्याभरात वाळते, आता दोन दिवस वास मारते. कूलर, माठ आन जीन्स तिन्हीचं एकाच टायमाले बिघडते, हे तिच्या ध्यानात आलं का बाकी ती पाहून घेईल.

माह्या पोट्ट्याले मी असंच केलं होतं. तो सुट्टीत माह्यासंगं कामावर येते, टेस्टर, पाने हातात देते. आमी उन्हात गाडीवर जातो तवा पाण्याच्या बाटलीले ओला दुपट्टा गुंडाळून हँडलले लटकवतो. माहे वडील बैलगाडीले छागल, म्हंजे पाण्याची पिशवी, लटकवत, तसंच. त्यानं एक दिवस दोन बाटल्या लटकवल्या, एक ओल्या कपड्याची आन एक साधी. कळमेश्वरले पोचेपर्यंत एक पिण्यासारखी थंड आन दुसरी चहासारखी. मी काहीच नाही बोललो. तोच म्हणे, बाबा, आपला कूलर बी हेच करते ना?

त्या दिवशी मले जो आनंद झाला तो मी कोणाले सांगू शकलो नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.


बंगईवाली
५ जुलै, दुपारी २:०५

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, कारण मी फिजिक्सच्या सरांची मुलगी आहे. स्वतः सीए झाले, फिजिक्स बारावीनंतर सुटलं, पण बाबांकडून जे मिळालं ते सुटलं नाही.

आधी जे मला आवडायचं नाही ते सांगते, म्हणजे सरांना उपयोग होईल. बाबा मला रमण विज्ञान केंद्रात न्यायचे, गांधीसागरसमोरच्या. तिथे मला फार म्हणजे फार आवडायचं. रमण स्वतः अर्थखात्यातल्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, पुढे त्यांच्याच शोधाच्या दिवसाचा, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिवस झाला, हे सगळं बाबा जाताना रंगवून सांगायचे, ते पण आवडायचं. पण परत येताना स्कूटरवर मागे बसले की विचारायचे, सांग आज काय काय शिकलीस? आणि तिथे माझं तोंड बंद व्हायचं. तलावाकाठी भेळ खाताना मी स्वतःहून भडाभडा बोलत होते, पण विचारलं की ती शाळा व्हायची. तेवढं फक्त टाळा सर, बाकी तुमचं सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

आता बंगई. आमच्या महाल भागातल्या जुन्या घरात ओसरीत बंगई होती, जाड सागवानी फळी आणि पितळी कड्यांच्या साखळ्या, वरच्या हुकापासून फळीपर्यंत दोन मीटर असेल. एका सुट्टीत बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले दहा झोके मोज. अठ्ठावीस सेकंद. मग ते स्वतः बसले, चांगले धिप्पाड होते बाबा, मला वाटलं आता हळू होईल. अठ्ठावीस. मग मी, माझा भाऊ, दोन मामेभाऊ सगळे कोंबून बसलो, फळी करकरत होती. परत तेच! मी म्हटलं घड्याळ बिघडलं. बाबा म्हणाले असेल, आजोबांचं आण. आजोबांच्या घड्याळानं पण अठ्ठावीस. मला अक्षरशः राग आला होता, इतके जण बसल्यावर काहीतरी तर बदललं पाहिजे.

बाबांनी समजावून वगैरे काही सांगितलं नाही. ते पेपर वाचत बसले, पण घरात होते, हाकेवर होते, हे फार महत्त्वाचं. दोन दिवसांनी मी भावाला म्हटलं आपण साखळी आखूड करून पाहू, कड्या वर घेऊन हुकात अडकवल्या, आणि वेळ कमी झाला. मी ओरडत आत गेले तर बाबा पायात चप्पल न घालता बाहेर आले बघायला. त्यांचा चेहरा मला आज पण जसाच्या तसा आठवतो, त्यांना सूत्र पाठ होतं आणि तरी त्यांना ते नवीन वाटत होतं. मग आम्ही दोघांनी मिळून कागदावर काढलं की झोक्याला दुप्पट वेळ हवा असेल तर साखळी चौपट पाहिजे, म्हणजे आठ मीटर, म्हणजे आमचं छत पुरणार नाही. अकरावीत वर्गात ते सूत्र आलं तेव्हा बाकीचे पाठ करत होते आणि मला त्यात आमची ओसरी दिसत होती.

बाबांची एक आवडती गोष्ट होती, ती सांगून थांबते. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये दाखवलं की इलेक्ट्रॉन नावाचा कण आहे, १९०६ चं नोबेल मिळालं. त्यांचा मुलगा जॉर्ज, त्यानं पुढे पातळ पत्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवून दाखवलं की तो लाटेसारखा पण वागतो, त्याला १९३७ चं नोबेल. बाप म्हणतो कण, मुलगा म्हणतो लाट, आणि दोघंही बरोबर. आणि वडील तेव्हा हयात होते, ऐंशीच्या घरात, मुलाचं नोबेल त्यांनी पाहिलं. बाबा ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी शेवटच्या वाक्याला थांबायचे.


त्रिमूर्तीनगरचे_सर
५ जुलै, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, माठ आणि जीन्स हे माझ्या डोक्यात इतकं सरळ कधी आलं नव्हतं, पुढच्या वर्षी वर्गात लेटंट हीटची सुरुवात मी तिथूनच करणार. ताई, तुमचं पण पटतं, पण मला वाटतं विजेच्या बाबतीत तुम्ही त्याला आवाजाचा वेग सांगितलात, कोणती वीज किती दूर आहे हे नाही सांगितलं, ते त्यानंच मोजलं. मला कूलरच्या बाबतीत ती मधली जागा शोधायची आहे, की किती सांगायचं आणि कुठे थांबायचं.

बंगईवाली ताई, तुमच्या बाबांबद्दल वाचून मी माझी एक गोष्ट सांगतो, आधी कुठे लिहिली नाही.

मुलगी झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी तिला कावीळ निघाली. नवजात बाळांना होते, डॉक्टर म्हणाले घाबरू नका, पण पहिलटकर बापाला कोणी काही म्हटलं तरी घाबरायला होतंच. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पांढरी पट्टी, अंगात फक्त लंगोट, एवढीशी पिवळट पोर आणि वरून तो निळा उजेड. बायकोला उठता येत नव्हतं, मी काचेबाहेर स्टुलावर बसून होतो.

बराच वेळ नुसता बघत बसलो आणि मग लक्षात आलं की मला हे माहिती आहे. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, पिवळं दिसतं, कशामुळे? ते निळा प्रकाश शोषून घेतं म्हणून. म्हणजे त्याच्यापर्यंत पोचायचं असेल तर निळाच प्रकाश पाहिजे, ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा. लाल दिवा लावला असता तर काही झालं नसतं, तो त्याला लागलाच नसता. निळ्या प्रकाशाचा एक फोटॉन त्या रेणूला जाऊन भिडतो, रेणू वळतो, त्याचा आकार बदलतो, आणि पाण्यात न विरघळणारी गोष्ट विरघळायला लागते. मग ती लघवीतून, पित्तातून निघून जाते, बाळाच्या कच्च्या लिव्हरला त्यावर मेहनत करावी लागत नाही. औषध नाही, सुई नाही, नुसता बरोबर रंगाचा प्रकाश.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे सुरू झालं ते इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात, १९५० च्या दशकात. तिथल्या एक सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात न्यायच्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की ऊन लागलेली कातडी कमी पिवळी आहे आणि जिथे चादर होती तिथला भाग तसाच पिवळा. त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं, आणि त्यातून पुढे दिवे आले. कोणीतरी एका बाळाकडे नीट पाहिलं, म्हणून माझी पोर तिथे निवांत झोपली होती.

त्या रात्री माझी भीती कमी झाली ती कोणी धीर दिल्यामुळे नाही, काय चाललंय ते मला आतून दिसत होतं म्हणून. माझ्या पोरीला फिजिक्समधून मला हे द्यायचंय. तिला पुढे काय व्हायचं ते होऊ दे, सीए होऊ दे, गाणं शिकू दे, पण एखाद्या वेळी जग अनोळखी वाटलं तर त्याच्या आत काय चाललंय हे बघायची सवय तिच्यापाशी असावी. म्हणून मी त्या कूलरच्या प्रश्नाला इतका धरून बसलोय.


सोनेगावचे_काका
६ जुलै, सकाळी ६:५०

सर, वाचून फार बरं वाटलं. मी हवामान खात्यात ऑब्झर्व्हर होतो, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला वहीत लिहायचो.

तुम्हाला दोन थर्मामीटर लागतील, अगदी सारखे. एकाच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळायचं आणि त्याचं टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडायचं म्हणजे ते ओलं राहील. दुसरा कोरडाच. दोन्ही शेजारी टांगायचे, सावलीत, वारा लागेल असे. आमच्याकडे ते पांढऱ्या लाकडी पेटीत असतात, चारी बाजूंनी झडपा, जमिनीपासून साधारण लेकराच्या उंचीवर. स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात त्याला.

ओल्या फडक्यातलं पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला थर्मामीटर कमी दाखवतो. किती कमी, हे हवा किती कोरडी आहे त्यावर. मे महिन्यात नागपुरात कोरडा ४४ दाखवत असेल आणि हवेत आर्द्रता पंधरा टक्के असेल तर ओला २३ च्या आसपास येतो. एकवीस अंशांचा फरक! कूलर उत्तमातला उत्तम असला तरी त्या ओल्या आकड्याच्या खाली हवा नेऊ शकत नाही, पण तिथपर्यंत जवळपास नेतो. आणि आता जुलैत कोरडा २९ असेल तर ओला २७. कूलर बिचारा नेऊन नेऊन किती नेणार, दोन अंश.

म्हणजे मुलीचा तर्क बरोबर आहे की आता बाहेर गार आहे. फक्त कूलरला ऊन-सावलीशी देणंघेणं नाही, त्याला या दोन आकड्यांमधलं अंतर लागतं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं, तेव्हा शहर तगून राहिलं ते याच अंतरावर.

हे तिला सांगू नका. थर्मामीटर टांगा आणि वही द्या, रेघा मारून. लेकरांना रोज लिहायला आवडतं, हे मी माझ्या नातवावरून सांगतो.


सावली_बघणारा
६ जुलै, सकाळी ११:३०

विषयाला थोडा फाटा देतो, पण सर आणि वहीचं निघालं म्हणून. १७ जुलैच्या आसपास नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच जाते. ढग असले तर हुकतं, म्हणून मे मधला जास्त खात्रीचा, २६ मे च्या आसपास, तेव्हा वेळ साधारण १२:१०. आम्ही छतावर स्टीलचा ग्लास उपडा ठेवून पाहतो, लेकरं चटके बसत असून हलत नाहीत.

बाराला का नाही, हा प्रश्न हमखास येतो. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, नागपूर ७९ च्या थोडं पुढे, आणि एका अंशाला चार मिनिटं. उरलेली मिनिटं पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि आसाच्या कलण्यामुळे पुढे-मागे होतात, म्हणून मे आणि जुलैची वेळ वेगळी. माझ्या मुलीला हे चौथीत समजलं. तिला मुंबईच्या मावशीकडे किती वाजता होईल ते काढायचं होतं, त्या नादात समजलं.


त्रिमूर्तीनगरचे_सर
१२ जुलै, रात्री ९:३०

अपडेट देतो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं.

बर्डीच्या बाजारातून लॅबचे दोन थर्मामीटर आणले. काकांनी सांगितलं तसे मागच्या गॅलरीत टांगले. मी तिला एवढंच सांगितलं की एक ओला आहे आणि एक कोरडा, आणि रोज आपण दोन्ही वाचू. पहिल्या दिवशी कोरडा २९, ओला २७. तिनं पेपरच्या पुठ्ठ्यानं ओल्याला वारा घालून पाहिला, तो थोडा उतरला आणि अडला. अजून जोरात वारा घातला तरी जागचा हलेना. "बाबा, हा आता खाली काऊन नाही जात?" मी म्हटलं मला पण बघायचंय, चल.

दरम्यान आईनं तिला माठ दाखवला, भाऊंचा सल्ला मी मोठ्यानं वाचून दाखवला होता. आईच म्हणाली की पावसाळ्यात पापड पण वाळत नाहीत आणि मीठ ओलं होतं. एवढ्याशा पोरीला काय समजणार म्हणणारी माझी आई आता रोज थर्मामीटर वाचताना शेजारी उभी असते, हे मला फार आवडलं.

मग रविवारी मी तिला माझ्या क्लासवर घेऊन गेलो, तिथे एसी आहे. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो ते मी तिला नाही सांगितलं, पण बाहेर पाइपातून पाणी टपकतं ते तिनं येतानाच पाहिलं होतं. दोन्ही थर्मामीटर बाकावर अडकवले आणि बसलो. कोरडा २५. ओला उतरत उतरत १९ ला गेला. ती उभीच राहिली. घरी दोनचा फरक, इथे सहाचा. वहीत लिहिलं, मग बराच वेळ काही बोलली नाही, मी पण बोललो नाही, आणि मग म्हणाली, "म्हणजे इथे कूलर लावला तर चालेल?"

मी म्हटलं हो, चालेल की. आणि मी जवळजवळ शाबासकी द्यायला हात उचलला होता तेवढ्यात तीच म्हणाली, "पण थोडाच वेळ. मग त्याच्या पाण्यानं खोली ओली होऊन जाईल आणि परत नाही चालणार. खिडकी उघडावी लागेल."

भाऊ, तुम्ही अर्ध्या नागपूरला जे सांगून सांगून थकलात ते माझ्या पोरीनं एसीच्या खोलीत बसून काढलं. मी तुमची खिडकीची गोष्ट तिला वाचून दाखवली नव्हती, मुद्दाम मागे ठेवली होती. मला काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. मी तिला उचलून घेतलं, तिला ते आवडलं नाही कारण तिला अजून आकडे लिहायचे होते.

ताई, मग घरी येताना मी तिला सगळं सांगून टाकलं, की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आणि एक लिटर पाणी उडायला जेवढी उष्णता लागते तेवढी द्यायला आपला २००० वॉटचा गिझर वीस मिनिटं चालवावा लागेल. तर आता ती रोज कूलर मे महिन्यात किती बादल्या पाणी प्यायचा ते आजीला विचारून राहिली.

काका, एक अडचण आहे. ओल्या थर्मामीटरचं फडकं चार दिवसांत कडक झालंय आणि आज फरक दीडच आला, बाहेर पाऊस तेवढाच आहे. मी घरातला जुना धोतराचा तुकडा वापरलाय आणि पाणी नळाचंच. त्यामुळे असेल का?


सोनेगावचे_काका
१३ जुलै, सकाळी ६:४०

त्यामुळेच. नळाच्या पाण्यातले क्षार फडक्यात बसतात आणि मग पाणी नीट चढत नाही, आकडा वर राहतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते आणा, बाटली फार महाग नाही. धोतर चालेल, पण आधी साबणानं धुऊन, उकळत्या पाण्यात काढून खळ पूर्ण घालवा. एकेरीच गुंडाळा, फुग्याला घट्ट बसेल असं, आणि दर आठवड्याला बदला, धूळ असेल तर त्याआधीच. फडक्याचं काम तिच्याकडे द्या, तिला जमेल. वाचताना श्वास थर्मामीटरवर जाणार नाही एवढं लांब उभं राहायला सांगा.

वेळ शक्यतो साडेआठ आणि साडेपाचचीच ठेवा, म्हणजे खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की फरक वाढायला लागेल. वहीचा फोटो इथे टाका, मी बघत असतो.


कूलरवाले_भाऊ
१३ जुलै, सकाळी ८:००

सर, बादल्यायचं पोरीले माह्याकडून सांगा. मोठा घरचा कूलर भर उन्हाळ्यात टाकी दिवसातून दोनदा बी मागते, टाकीचे लिटर कूलरच्या मागं लिहून राह्यते. पुढच्या एप्रिलमध्ये ताट्या बदलायले येईन तवा तिले मोजू द्या, मी थांबतो.